नाकापेक्षा मास्क जड

या वेळी घोरण्यावरचे, झोपेच्या गोळ्यांवरचे नेहमीचे प्रश्न होतेच, पण सीपॅपच्या, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणाऱ्या मशीनच्या, मास्कवरचे इतके आले की म्हटलं बाकीचे पुढच्या अंकात ढकलूया आणि ही पानं नाकालाच देऊन टाकूया. आधीच सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही. स्लीप अ‍ॅप्नियाची पेशंट आहे, म्हणजे झोपेत श्वास सारखा अडतो, सात वर्षं रोज रात्री हे प्रकरण नाकावर बांधून झोपते, आणि त्यातले पहिले चार महिने त्याच्याशी भांडण्यातच गेले. त्यामुळे प्रेशर किती हवं, मशीन कुठलं हवं असं विचाराल तर मी तुमच्या डॉक्टरांकडे बोट दाखवणार, पण मास्क का टोचतो हे विचाराल तर मग बसा जरा, वेळ लागेल.

प्रश्न : वय ५२. स्लीप स्टडीत एएचआय ३८ आला, सिव्हिअर म्हणाले. ऑटो सीपॅप दिलंय, प्रेशर ६ ते १४, आणि सोबत नाकावरचा मास्क. दोन महिने झाले. पहिला तास-दीड तास बरा जातो, मग डोळ्यात वारा यायला लागतो, सूं सूं आवाज येतो, बायको उठते, मी पट्टा आवळतो, परत झोपतो, परत तेच. सकाळी नाकाच्या हाडावर लालभडक वळ असतो, आता तर तिथलं कातडं सोललंय. आणि बऱ्याचदा पहाटे बघतो तर मास्क उशीखाली, कधी काढला ते आठवतही नाही. ज्याने मशीन दिलं त्याला विचारलं तर म्हणे होईल सवय. फुल फेस मास्क घेऊ का? की बंदच करून टाकू सगळं?

उत्तर : दादा, बंद नका करू. ३८ म्हणजे तासाला सरासरी ३८ वेळा तुमचा श्वास अडतो नाहीतर एकदम उथळ होतो, आणि प्रत्येक वेळी निदान १० सेकंद. ३० च्या वर गेलं की सिव्हिअर धरतात. तेव्हा मशीन हवंच. मास्क मात्र हाच हवा असं कोणी सांगितलंय?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, पहिला तास बरा जातो ते. मला सांगा, मास्क पहिल्यांदा बसवून दिला तेव्हा तुम्ही खुर्चीत बसला होतात ना? आणि मशीन एकतर बंद असेल नाहीतर हळू चालू असेल? जवळजवळ सगळ्यांचं असंच होतं, माझंही झालं. पण झोपेत दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे आडवं झालं की गालाचं मांस कानाकडे ओघळतं, चेहऱ्याचा आकारच बदलतो, आरशात बसून जो मास्क फिट असतो तो झोपल्यावर फिट असेलच असं नाही. दुसरं म्हणजे ऑटो मशीन सुरुवातीला ६ वर असतं आणि तुमचा घसा बंद व्हायला लागला की ते प्रेशर वाढवत नेतं, म्हणजे रात्री दोन वाजता ते कदाचित १२ वर असेल. तुम्ही मास्क बसवला ६ साठी आणि झोपताय १२ मध्ये.

आता या आकड्याचा अर्थ काय ते बघा, कारण हे कोणी सांगतच नाही. १० चं प्रेशर म्हणजे १० सेंटिमीटर पाण्याएवढं प्रेशर, पेल्यातल्या पाण्यात १० सेंटिमीटर खोल स्ट्रॉ बुडवून बुडबुडा काढायला जेवढं फुंकावं लागतं तेवढंच. फार नाही. पण ते मास्कच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १० ग्रॅमचा जोर लावतं. समजा तुमच्या मास्कने ३० चौरस सेंटिमीटर जागा झाकलीय, तर तो चेहऱ्यापासून ३०० ग्रॅमच्या जोराने बाहेर ढकलला जातो, आणि पट्ट्यांना फक्त तेवढंच धरून ठेवायचं असतं. तुम्ही रात्री दोन वाजता झोपेत चिडून जो पट्टा ओढता तो याच्या कितीतरी पट जास्त असतो, आणि तो सगळा जादाचा जोर जातो कुठे तर नाकाच्या हाडावर, कारण तिथे कातडीखाली मांस नाही, सरळ हाडच.

आणि एवढं आवळून लीक थांबतं का, तर नाही, उलट वाढतं. कुशन, म्हणजे मास्कचा चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा भाग, हातात घेऊन नीट बघा एकदा, उजेडात. काठाला सिलिकॉनचा एक पातळ पदर आतल्या बाजूला वळलेला दिसेल, इतका पातळ की फुंकर मारली तर थरथरतो. सील तो पदर करतो, बाहेरचं जाड सिलिकॉन नाही. मशीनची हवा आतून त्या पदराला फुगवते आणि तो कातडीला जाऊन चिकटतो, म्हणजे मास्क चेहऱ्यावर टेकलेला नसून हवेवर तरंगत असायला हवा. पट्टा आवळला की तो पदर चेपतो, त्याला घडी पडते, आणि त्या घडीतून हवा पळते. मग आपण अजून आवळतो. मी चार महिने हेच करत होते, सकाळी ऑफिसला जाताना नाकावर पावडर लावून वळ झाकायचा आणि रात्री परत तोच खेळ, अक्षरशः नाकी नऊ आले होते.

तर आज रात्री असं करून बघा. आधी चेहरा साबणाने धुवा, क्रीम वगैरे काही लावू नका, तेलकट कातडीवर सिलिकॉन घसरतं. सगळे पट्टे सैल करा, अगदी ओघळतील इतके. मग अंथरुणात आडवे व्हा, ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर, आणि मशीन चालू करा. बऱ्याच मशीनमध्ये मास्क फिट तपासायचा पर्याय असतो, त्यात थोडा वेळ प्रेशर वाढवून देतात, तो वापरा म्हणजे ६ वर फसगत होणार नाही. आता मास्क बोटांनी धरून चेहऱ्यापासून सेंटिमीटरभर पुढे ओढा, क्षणभर थांबा, पदर फुगू द्या, आणि अलगद परत टेकवा. मग पट्टे ओढायचे, पण डावा उजवा एकदम, थोडेथोडे, आणि आवाज थांबला की आपणही थांबायचं, तिथून पुढे "अजून एक घर, सेफ्टीला" असं अजिबात नाही. शेवटी पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. रात्री लीकने जाग आली तरी पहिलं काम पट्ट्याला हात लावायचं नाही, पहिलं काम मास्क पुढे ओढून परत टेकवायचा, दहातल्या आठ वेळा माझं तेवढ्यानेच भागतं. आणि पट्टे एकदा जमले की वेल्क्रो जिथे चिकटतं तिथे पेनाने खूण करून ठेवा, नाहीतर धुतल्यावर सगळी मेहनत परत.

हे सगळं करूनही डोळ्यात वारा आलाच, तर मास्कची साइज चुकलीय असं समजा, आणि शक्यता ही की मोठी झालीय. लोकांना उलट वाटतं, टोचतंय म्हणजे लहान असणार. पण मोठं कुशन नाकाच्या हाडावर फार वर जाऊन बसतं, डोळ्यांच्या कोपऱ्यांकडे फट राहते, ती फट बुजवायला आपण आवळतो. नाकावरच्या मास्कची खालची कड नाक आणि वरचा ओठ यांच्या मधे बसावी, बाजू नाकपुड्यांना न चिमटता लगेच बाहेर टेकाव्यात, आणि वरचं टोक हाडाच्या साधारण मध्यावर, भुवयांच्या जवळ नव्हे. पुरुष दिसला की मीडियम नाहीतर लार्ज हातात द्यायचं असं काही ठिकाणी चालतं, नाकाकडे कोण बघतंय. मला मीडियम दिलेलं, आमच्या घराण्याचं नाक बसकं, स्मॉल लावल्यावर पहिल्याच रात्री वळ उठला नाही. बऱ्याच मास्कच्या डब्यात दोन-तीन साइजची कुशन येतात, तुमच्या डब्यात एक न उघडलेली पिशवी पडली असेल तर आधी ती उघडा. कंपन्या नाक मोजायचा कागदी साचाही देतात, तो मागा.

कातडं सोललंय ते मात्र आत्ताच सांभाळायला हवं. ते भरेपर्यंत त्याच जागेवर तोच मास्क नको. नाकाच्या हाडाला हातच लावत नाहीत असे दोन प्रकार मिळतात, एक नाकाखाली पाळण्यासारखा टेकतो आणि दुसरा पिलो, म्हणजे नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या दोन मऊ बोंड्या. तुमच्यासारख्या तक्रारीला मी आधी पाळणावाला सुचवीन, कारण प्रेशर चढलं की पिलोचा झोत काहींना थेट नाकात मारल्यासारखा लागतो. बरेच जण दोन प्रकारचे मास्क ठेवतात आणि आलटून पालटून वापरतात, म्हणजे एकाच जागेवर रोज दाब येत नाही. जखमेवर व्हॅसलिन लावून वर मास्क असं करू नका, ते सिलिकॉनलाही वाईट आणि मास्कही सरकतो, काय लावायचं ते सकाळी मास्क काढल्यावर. जखम ओली असेल, चिघळत असेल तर डॉक्टरांना दाखवा, सवय होईल म्हणणाऱ्याला नाही.

राहिला फुल फेस. मगाचचाच हिशोब घ्या, तोंड आणि नाक दोन्ही झाकणारा मास्क समजा ८० चौरस सेंटिमीटर झाकतो, तर १० प्रेशरला तो ८०० ग्रॅमने ढकलला जाणार, म्हणजे पट्टे आणखी घट्ट, काठ लांब म्हणून गळायच्या जागाही जास्त, आणि वर तो खालचा जबडा मागे ढकलतो ते वेगळंच. तुम्हाला तोंड उघडं राहण्याची तक्रार नाही, मग कशाला त्या वाटेला जाता? अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्येसुद्धा नाकाचा मास्क आधी, नाक-तोंडाचा नंतर असाच सल्ला आहे.

तुमची बायको ज्या आवाजाने उठते तो लीकचाच आहे का हे पण तपासा. प्रत्येक मास्कला पुढे बारीक भोकं असतात, त्यातून हवा सतत बाहेर जायलाच हवी, कारण आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यातूनच जातो. हात मास्कच्या कडेने फिरवा, वारा कडेला लागला तर लीक, पुढच्या भोकांना लागला तर ते बरोबर चाललंय. आमच्या ह्यांनी एकदा अगदी मायेने सुचवलं होतं की भोकांवर चिकटपट्टी लावूया का, आवाज बंद होईल. नाही! ती भोकं कधीच बंद करायची नाहीत. फार तर मास्कचं तोंड दुसऱ्या बाजूला करून झोपा, नवीन काही मास्कमध्ये ती हवा पसरून सोडतात, आवाज बराच कमी असतो.

झोपेत मास्क काढता त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका, टोचणारी गोष्ट हात आपोआप काढतोच. जाग आली की परत लावा, बास. कुशीवर वळताना नळी ओढली जाते का तेही बघा, नळी डोक्याच्या वरून उशीमागे सोडली की हे बरंच थांबतं.

आणि थोडं बरं वाटावं म्हणून सांगते. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकातून हवा देऊन अ‍ॅप्निया थांबवता येतो हे १९८१ मध्ये द लॅन्सेटमध्ये छापलं, तेव्हा मास्क असा मिळतच नव्हता. पेशंटच्या नाकाचा साचा घेऊन त्यावरून प्रत्येकाचा वेगळा मास्क बनवायचे आणि तो रोज रात्री नाकाला चिकटद्रव्याने चिकटवायचे, सकाळी सोलून काढायचा. आपल्याला निदान वेल्क्रो तरी आहे.

प्रश्न : ताई, मी ४४ वर्षांची आहे, नाकाचा मास्क मला आवडतो पण झोपेत तोंड उघडतं आणि हवा सगळी तोंडातून निघून जाते, सकाळी घसा कोरडा ठणठणीत, जीभ टाळ्याला चिकटलेली. फुल फेस घ्या म्हणाले, तो लावून बघितला तर जीव घुसमटला, दोन मिनिटांत ओढून काढला. तोंडाला टेप लावून झोपतात असं वाचलं, लावू का?

उत्तर : टेपला हात नका लावू, निदान डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तर नाहीच. रात्री नाक चोंदलं किंवा उलटी झाली तर तोंड हाच एक रस्ता उरतो, तो चिकटवून कसं चालेल.

नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण आपण भलत्याच अर्थाने वापरतो, पण तुमच्या बाबतीत ती शब्दशः खरी असायची शक्यता जास्त. तोंड उघडतं कारण नाक पुरत नाही. आडवं झाल्यावर एक नाकपुडी बोटाने बंद करून दुसरीने श्वास घेऊन बघा, मग उलट. एखादी बाजू बंदच असेल तर ते कान-नाक-घसावाल्यांना दाखवा, पडदा वाकडा असेल, अ‍ॅलर्जीची सूज असेल, त्यावर इलाज आहेत. झोपायच्या आधी सलाइनने, म्हणजे मिठाच्या पाण्याने, नाक धुणंही कामाला येतं, पाणी मात्र उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड, नळाचं तसंच नको.

दुसरं कारण कोरडी हवा. हे एक दुष्टचक्र आहे, तोंडातून हवा गळते म्हणून मशीन नाकात अजून जोराने हवा ढकलतं, त्याने नाकाचं अस्तर सुकतं आणि सुजतं, नाक चोंदतं, की तोंड अजून उघडतं. म्हणून ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनची हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी, एक-दोन घरं वाढवून आठवडाभर बघा, माझ्या मते सगळ्यात आधी हेच करावं, यात नवीन काही विकतही घ्यावं लागत नाही. तेवढ्यात मशीनवर लीकचा आकडा रोज लिहून ठेवा. काही मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटरपर्यंतचं लीक चालवून घेतात आणि त्यापुढे लाल तोंड दाखवतात, तुमच्या मशीनचा आकडा कसा वाचायचा ते देणाऱ्याकडून समजून घ्या, कारण काही मशीन भोकांतून जाणारी हवाही त्यात मोजतात आणि उगाच घाबरायला होतं.

हनुवटीचा पट्टा काहींना चालतो काहींना नाही. घेतलात तर तो जबडा वर उचलणारा हवा, मागे ओढणारा नको, मागे ओढला तर जीभही मागे जाते आणि मग आपण कशासाठी हे सगळं करतोय. कित्येकांचं तोंड पहिल्या काही आठवड्यांत आपोआप मिटायला लागतं, कारण मुळात श्वास अडायचा म्हणून ते उघडायचं, आणि आता तो अडत नाही.

एवढं करूनही नाहीच जमलं तर फुल फेस घ्या, त्यात कमीपणा काही नाही, पण घुसमटीवर आधी काम करा. दिवसा, जागेपणी, मास्क नुसता हातात धरून चेहऱ्याला लावा, पट्टे नाहीत मशीन नाही, नको वाटलं की खाली. दोन दिवसांनी पट्ट्यांसकट, टीव्ही बघताना. मग मशीन जोडून, रॅम्प चालू ठेवून म्हणजे हवा कमी जोराने सुरू होईल. मग दुपारची डुलकी. आणि नळीचा तो झटक्यात सुटणारा जोड असतो ना, तो अंधारात डोळे मिटून दहा वेळा काढा-लावा, कारण घुसमट मास्कची कमी असते आणि "निघाला नाही तर" याची जास्त. मास्कचा प्रकार बदललात तर मशीनच्या सेटिंगमध्येही बदला आणि डॉक्टरांना कळवा, नाकाला पुरणारं प्रेशर फुल फेसला पुरेलच असं नाही.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना, वय ७१, सीपॅप सांगितलंय. त्यांना झुपकेदार मिशा आहेत आणि त्या काढणार नाही हे त्यांनी डॉक्टरांनाच सांगून टाकलंय. पेसमेकर पण आहे. मास्क कोणता बघू?

उत्तर : मिशांपेक्षा मला पेसमेकरची काळजी जास्त. बऱ्याच मास्कच्या पट्ट्यांना चटकन लागणाऱ्या चुंबकाच्या क्लिपा असतात, वापरायला अतिशय सोप्या, आणि त्यांच्यासाठी नेमक्या चुकीच्या. चुंबक पेसमेकरच्या कामात ढवळाढवळ करू शकतो. यावर २०२२ आणि २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी स्वतःहून इशारे काढले, चुंबक अशा इम्प्लांटपासून निदान १५ सेंटिमीटर लांब हवा असं त्यात आहे, पण झोपेत मास्क निघून छातीवर पडला तर कसली लांबी मोजताय, म्हणून सरळ बिनचुंबकाचा, प्लास्टिकच्या हुकाचा मास्क घ्या. आणि हे शेजारी झोपणाऱ्यालाही लागू आहे हां, सासूबाईंना इम्प्लांट असेल आणि मास्क सासऱ्यांचा असेल तरी तोच नियम.

मिशांवरून नाकाच्या मास्कची खालची कड गळते, नाकाखालचा पाळणावाला तर थेट केसांवरच बसतो. पिलो नाकपुडीच्या तोंडाशीच सील करतात त्यामुळे मिशांशी त्यांचं भांडण सगळ्यात कमी. मिशा राहू द्या, फक्त नाकपुडीच्या अगदी खालची बोटभर पट्टी कात्रीने बारीक करायला तयार होतात का बघा. हे तुम्ही सांगू नका, नातवाला पुढे करा.

प्रश्न : मध्यरात्री नळीत पाणी साचतं, गुडगुड वाजतं आणि नाकावर शिंतोडे उडतात. मास्क खराब झाला का? आणि तो धुवायचा किती वेळा?

उत्तर : मास्क ठीक आहे. ह्युमिडिफायरची कोमट ओली हवा थंड नळीतून जाताना तिचं पाणी होतं. नळी पांघरुणात घ्या किंवा नळीला कापडी गवसणी घाला, मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा म्हणजे पाणी नाकाकडे न येता मागे जाईल, तरी नाही थांबलं तर ओलावा एक घर कमी. गरम होणारी नळीही मिळते, ती असेल तर प्रश्नच मिटतो.

कुशन रोज सकाळी कोमट पाणी आणि साध्या सौम्य साबणाने, कारण चेहऱ्याचं तेल त्यावर बसतं आणि त्यानेच संध्याकाळपर्यंत ते बुळबुळीत होतं. पट्टे आणि नळी आठवड्यातून एकदा, सावलीत वाळवायचे. स्पिरिट, ब्लीच, सुगंधी वाइप्स असलं काही नको. टाकीतलं पाणी रोज ओतून नवीन भरा, डिस्टिल्ड असेल तर उत्तम. कुशन जुनं झालं हे दिसतं, तो पातळ पदर पिवळट आणि ढिला होतो, फुंकरीने थरथरण्याऐवजी नुसता लोळतो. तसं झालं की पट्टे आवळत बसू नका, कुशन बदला.

गोळ्यांवाले प्रश्न पुढच्या अंकात, विसरलेले नाही.